उपास मी केला, कीटोन भावाला!

निशिगंध
यंदाही घटस्थापनेपासून नऊ दिवस उपास धरले होते. अष्टमीला धाकटा भाऊ आला. तो दोन महिने कीटो आहारावर आहे. पोळी-भात बंद, अंडी, पनीर, लोणी चालू. त्याच्या बॅगेत लघवीत बुडवून कीटोन बघायच्या पट्ट्यांची बाटली होती. म्हणाला, "ताई, तू आठ दिवस उपाशी, तुझी पट्टी बघ कशी जांभळी होते ते."

कसली जांभळी! होती तशी फिकट बदामी राहिली. आणि हा गृहस्थ सकाळी चार अंडी हाणून आलेला (माझ्या घरी नव्हे, नवरात्रात शक्यच नाही), त्याची पट्टी वांग्याच्या सालीसारखी. तेव्हापासून चिडवतोय मला.

माझा प्रश्न साधा आहे. उपाशी माणसाचं यकृत चरबीपासून कीटोन नावाचं इंधन बनवतं असं वाचलंय. मग उपाशी कोण आणि जेवलेला कोण, हे यकृताला कळतं कसं? आमच्या घरात तरी त्याने उलटंच ओळखलं.

कडीपत्ता
आधी आठ दिवस काय खाल्लंत ते सांगा :)

निशिगंध
नेहमीचंच. सकाळी खिचडी, दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, संध्याकाळी रताळ्याचा कीस नाहीतर राजगिऱ्याचे लाडू. मध्ये एखादं केळं.

कडीपत्ता
एकादशी, दुप्पट खाशी! ताई, पट्टीने न्याय केलाय.

जुनी परीक्षानळी
कडीपत्ता यांनी चार शब्दांत उत्तर दिलं, मी जरा लांबण लावतो. एकतीस वर्षं बायोकेमिस्ट्री शिकवली, खोड जात नाही.

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात पंच्याऐंशी ग्रॅमच्या वर. भगर, रताळं, केळं त्याच जातकुळीतले. देवीच्या लेखी तुमचा उपास झाला. यकृताच्या लेखी तुम्ही रोज तीनदा जेवलात. यकृताला 'उपास' हा शब्द माहीतच नाही, त्याला इन्शुलिन आणि त्याच्या उलट काम करणारं ग्लुकॅगॉन या दोन हार्मोनांचं प्रमाण तेवढं कळतं. खिचडी खाल्ली की इन्शुलिन चढतं. भावाने अंडी-लोणी खाल्लं तर ते फारसं चढत नाही. पोट भरलेलं असूनही त्याचं यकृत समजतं की घरात दाणा नाही.

आता हा निरोप पोचल्यावर आत काय होतं ते सांगतो. कीटोन बनतात चरबीपासून. पोटावरच्या, मांड्यांवरच्या साठ्यातून फॅटी आम्लं सुटतात आणि रक्तातून यकृतात येतात. सुटण्याच्या त्या जागीच इन्शुलिनचा पहिला अडसर असतो. फार थोडं इन्शुलिनही चरबी सुटणं रोखायला पुरतं, हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

यकृताच्या पेशीत पोचलेल्या फॅटी आम्लापुढे दोन वाटा. एक, पुन्हा चरबी म्हणून बांधून रक्तात परत पाठवलं जाणं. दोन, तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, शिरून जळणं. या दुसऱ्या वाटेच्या दारावर एक एन्झाइम बसलेलं आहे. पाठ्यपुस्तकात एन्झाइमला 'विकर' म्हणतात, पण तो शब्द परीक्षेनंतर कुणी उच्चारल्याचं मी ऐकलेलं नाही. या दारवानाचं नाव कार्निटिन पामिटॉइलट्रान्सफरेज १, लाडाने सीपीटी-१. लांब साखळीच्या फॅटी आम्लाला तो कार्निटिनचा बिल्ला लावतो. बिल्ला असेल तरच आत प्रवेश.

आणि याला गप्प करणारा पदार्थ आहे मॅलोनिल-कोए. हे मला आजही फार सुंदर वाटतं. भरपेट जेवल्यावर यकृत जादा साखरेची नवी चरबी बनवतं, त्या कामातली पहिली पायरी म्हणजे मॅलोनिल-कोए. चरबी बनवायला घेतली की त्याच कच्च्या मालाने चरबी जाळायचं दार बंद होतं. एकाच वेळी बांधायचं आणि पाडायचं हा मूर्खपणा पेशी करत नाही. (आमच्या गल्लीत रस्ता करणाऱ्यांना हे अजून जमलेलं नाही.) १९७७ साली अमेरिकेत डॅलसला डेनिस मॅकगॅरी आणि डॅनियल फॉस्टर यांच्या गटाने हे दाखवलं. तोवर प्रश्न असा होता की चरबी तेवढीच आणून दिली तरी जेवलेल्या उंदराचं यकृत कीटोन कमी का बनवतं आणि उपाशी उंदराचं जास्त का.

तुमच्या यकृतात आठही दिवस मॅलोनिल-कोए मुबलक होतं. दार बंद. भावाच्या यकृतात ते ओसरलेलं, दार सताड उघडं.

रेल्वे कॉलनी
वाचतोय सर. पण दार उघडलं म्हणजे कीटोनच का बनतात? चरबी जळून थेट ऊर्जा का नाही मिळत? आम्हाला बारावीत शिकवलं होतं की चरबी कर्बोदकांच्या ज्योतीत जळते, ज्योत विझली की अर्धवट जळून कीटोन होतात.

जुनी परीक्षानळी
ते वाक्य मीही पंधरा वर्षं फळ्यावर लिहिलं. साफ खोटं नाही, पण 'अर्धवट जळणं' म्हटलं की धूर, काजळी, काहीतरी बिघाड असं वाटतं. बिघाड नाहीये, ती तयारीची पाकशाळा आहे.

चरबी जळते म्हणजे तिचे अॅसिटिल-कोए नावाचे लहान तुकडे होतात. यकृताला स्वतःपुरती ऊर्जा या कामात मिळतेच, ते तुकडे पुरते जाळणारं क्रेब्ज चक्रही चालू असतं, बंद पडत नाही. पण येणारा माल यकृताच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त. तो जादा माल एचएमजीसीएस-२ नावाचं एन्झाइम उचलतं. ही वाटेतली सगळ्यात अरुंद जागा, हिच्या वेगावर पुढचं सगळं ठरतं. त्यापासून एचएमजी-कोए बनतं, मग लायेज नावाचं एन्झाइम ते तोडतं आणि हाती येतं अॅसिटोअॅसिटेट. त्यातलं बरंचसं पुढे बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट होतं आणि थोडं आपोआप फुटून अॅसिटोन, जो श्वासातून बाहेर पडतो.

एचएमजीसीएस-२ वर दुहेरी लगाम आहे. एक सावकाश चालणारा. उपास लांबला की पीपीएआर-अल्फा हा पेशीतला मुकादम त्याचं जनुक जागं करतो आणि एन्झाइमची संख्याच वाढते. याला तास-दिवस लागतात. दुसरा झटपट. क्रेब्ज चक्रातलं सक्सिनिल-कोए एचएमजीसीएस-२ ला चिकटून त्याला जखडून ठेवतं, ग्लुकॅगॉन वाढलं की सक्सिनिल-कोए घटतं आणि एन्झाइम मोकळं होतं. शिवाय २०१० साली उंदरांवर दिसलं की उपासाच्या वेळी सर्ट-३ नावाचं एन्झाइम याच्यावरचे अॅसिटिल गट काढून टाकतं आणि हे आणखी जोमाने चालतं. जुन्या नोट्समध्ये यातलं काही नव्हतं.

आणि गंमत म्हणजे यकृत स्वतः कीटोन खाऊ शकत नाही. ते वापरायला लागणारं स्कॉट हे एन्झाइम मेंदूत, हृदयात, स्नायूंत, मूत्रपिंडात आहे, यकृताच्या पेशीत नाही. पंगतीतला वाढपी समजा. सगळ्यांना वाढतो, स्वतःचं पान मांडतच नाही. मांडलं असतं तर बनवलेलं तिथेच संपलं असतं आणि मेंदूपर्यंत काही पोचलं नसतं.

चष्मा पुसतो
एचएमजी-कोए हे नाव ऐकल्यासारखं वाटतंय. माझ्या कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या माहितीपत्रकात होतं. म्हणजे मी उपास केला तर मला कीटोन होणार नाहीत?

जुनी परीक्षानळी
होतील. नाव एक, घरं दोन. कोलेस्टेरॉलचं एचएमजी-कोए तंतुकणिकेच्या बाहेर बनतं, तिथे जुळं एन्झाइम आहे, एचएमजीसीएस-१. तुमची स्टॅटिन त्याच्या पुढच्या पायरीवरचं रिडक्टेज अडवते. कीटोनचं एचएमजी-कोए तंतुकणिकेच्या आत, तिथे रिडक्टेज नाहीच. माझ्या वर्गात दर वर्षी निम्मी पोरं तोंडी परीक्षेत इथेच घसरायची.

माडाखाली
आमच्या कोकणात हल्ली जिमवाले खोबरेल तेल कॉफीत घालून पितात, कीटोन वाढतात म्हणे. आजी बघून कपाळाला हात लावते. यात तथ्य?

जुनी परीक्षानळी
चिमूटभर. आठ आणि दहा कार्बनची फॅटी आम्लं त्या दारवानाला बगल देऊन थेट आत जातात, त्यांना कार्निटिनचा बिल्ला लागत नाही. पण खोबरेल तेलात ती दोन मिळून साधारण पंधरा टक्के. निम्मं तेल म्हणजे बारा कार्बनचं लॉरिक आम्ल, ते बरंचसं लांब साखळीवाल्यांसारखंच वागतं. कीटोनसाठी वेगळं काढलेलं तेल मिळतं, ते निराळं. आजीने खोबरेल सोलकढीच्या बाजूने ठेवावं, कॉफीत नको.

हिरवी वेलची
आमच्याकडे पर्युषणात अठ्ठाई करतात. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्योदयानंतर आणि सूर्यास्ताआधी. मी दोन वर्षांपूर्वी केली. तिसऱ्या दिवशी तोंडाला विचित्र चव आणि श्वासाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास. मुलगी जवळ येईना. आणि चौथ्या दिवसापासून भूकच मेली, डोकं चक्क हलकं झालं. मम्मी म्हणाली, तपाचा प्रभाव. इथलं वाचून तो वास कसला ते कळलं.

जुनी परीक्षानळी
वास अॅसिटोनचा. निशिगंधताई, खरा उपास हा.

पहिल्या दिवशी यकृतातला ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, संपत येतो. तो फार तर शंभरेक ग्रॅमचा असतो. मेंदूला रोज शंभर-एकशेवीस ग्रॅम ग्लुकोज लागतं आणि फॅटी आम्लांवर तो भागवू शकत नाही. तेवढं सगळं स्नायूंतली प्रथिनं मोडून बनवायचं म्हटलं तर माणूस थोड्याच दिवसांत झिजून जाईल. १९६७ साली बोस्टनमध्ये जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, रुग्णालयात देखरेखीखाली पाच-सहा आठवडे उपाशी असलेल्या तीन लठ्ठ स्वयंसेवकांच्या मेंदूत जाणारं आणि मेंदूतून येणारं रक्त तपासलं. मेंदूचं मुख्य इंधन ग्लुकोज उरलंच नव्हतं, कीटोन झालं होतं. त्याआधी पुस्तकं छातीठोकपणे सांगायची की मेंदू ग्लुकोजशिवाय काही खात नाही.

आकडे हवे असतील तर: रात्रीच्या झोपेनंतर रक्तात लिटरमागे ०.१ ते ०.३ मिलिमोल, दोन-तीन दिवसांच्या निरंकार उपासानंतर एक-दोनच्या पुढे, काही आठवड्यांनी पाच-सात. त्यापुढे निरोगी माणसात सहसा जात नाही, कारण कीटोन वाढले की तेच थोडं इन्शुलिन सोडायला लावतात आणि चरबीचा नळ बारीक होतो.

फुकटचा सल्ला
थोडक्यात, भाऊ बरोबर आणि कीटो आहार उत्तम. उगाच एवढं पुराण.

रात्रपाळी
थांबा. मी अतिदक्षता विभागात काम करतो. निशिगंधताई, भावाला मधुमेह आहे का? कोणत्या गोळ्या घेतो?

निशिगंध
मधुमेह आहे, चार वर्षं झाली. त्यासाठीच तर कीटो धरलंय. गोळ्यांची नावं विचारून सांगते. का हो, काही काळजीचं?

रात्रपाळी
नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असेल तर आज रात्रीच सांगा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे.

निशिगंध
फोन केला. पाकीट शोधून वाचून दाखवलं त्याने. डापाग्लिफ्लोझिन आणि मेटफॉर्मिन एकत्र. आता मला झोप लागायची नाही. नीट सांगा.

रात्रपाळी
घाबरू नका, पण त्याला उद्या सकाळी त्याच्या डॉक्टरांना फोन करायला लावा आणि आपण कीटो करतोय हे स्पष्ट सांगायला लावा. बरेच पेशंट आहार बदलल्याचं डॉक्टरांना सांगतच नाहीत. आज उलटी, पोटदुखी, धाप, प्रचंड थकवा असं काही असेल तर मात्र सकाळची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीत न्या.

कारण सांगतो. सरांनी ध्यानात ठेवायला सांगितलेलं इन्शुलिनचं वाक्य आठवा. टाइप २ मधुमेहात इन्शुलिन अपुरं पडलं तरी थोडं असतं आणि तेवढं चरबीचा नळ आवळायला सहसा पुरतं. म्हणून या लोकांना कीटोनची विषबाधा, म्हणजे कीटोअॅसिडोसिस, टाइप १ वाल्यांच्या मानाने कमी होते. ग्लिफ्लोझिन गोळी साखर लघवीवाटे बाहेर काढते. रक्तातली साखर उतरली की इन्शुलिनही उतरतं, ग्लुकॅगॉन चढतं. त्यात कीटो आहार म्हणजे बाहेरून येणारी साखरही बंद. दोन्ही हात एकाच दिशेने ढकलतात, मॅलोनिल-कोए तळाला जातं आणि दार उघडंच राहतं. वरून ताप, जुलाब किंवा ऑपरेशन आलं की कीटोन आवरत नाहीत, रक्त आम्लधर्मी होतं.

वाईट भाग असा की साखर नॉर्मलच्या आसपास दिसते. माझ्याकडे असा एक पेशंट आला होता. दोन दिवस उलट्या, घरच्या ग्लुकोमीटरवर १८०. घरच्यांना वाटलं शुगर तर ठीक आहे, पित्त असेल. श्वास जोरजोरात चालला होता म्हणून रक्तातले कीटोन आणि आम्लता तपासली तेव्हा उलगडा झाला. वाचला. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, या गोळ्यांबद्दल हा इशारा २०१५ मध्येच दिला होता, आणि ठरवून करायच्या ऑपरेशनच्या आधी किमान तीन दिवस त्या थांबवायला सांगतात. गोळ्या वाईट नाहीत हो. हृदयाला आणि किडनीला त्यांचा मोठा फायदा आहे, म्हणून स्वतःच्या मनाने कायमच्या बंद करू नयेत. पण जेवण तुटलं, उलट्या लागल्या की ही गोळी चालू ठेवायची का, हे डॉक्टरांकडून आधीच विचारून ठेवावं.

कडीपत्ता
मग ती पट्टीच उपयोगाची की. वांगी रंग म्हणजे धोका, असंच ना?

रात्रपाळी
तिच्यावरही विसंबू नका. पट्टीला फक्त अॅसिटोअॅसिटेट दिसतं, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट अजिबात नाही. एरवी दोन्ही बरोबरीने किंवा दुसरं दोन-तीनपट असतं, कीटोअॅसिडोसिसमध्ये दहापट होऊ शकतं. म्हणजे पेशंट गंभीर आणि पट्टी मध्यम. उपचार सुरू झाले की बीटावालं परत अॅसिटोअॅसिटेट होतं, पट्टी आणखी गडद होते आणि नातेवाईक विचारतात, डॉक्टर, वाढलं कसं? आम्ही बोटाच्या रक्तावर थेट बीटा मोजतो. लिटरमागे तीन मिलिमोलच्या वर गेलं तर सावध.

जुनी परीक्षानळी
ही पट्टी म्हणजे आमच्या रोथेराच्या कड्याची नात. परीक्षानळीत लघवी, अमोनियम सल्फेट टाकून संपृक्त करायची, सोडियम नायट्रोप्रुसाइडचा खडा, मग कडेने हळूच अमोनिया सोडायचा. दोन थरांच्या मध्ये जांभळं कडं. प्रॅक्टिकलच्या दिवशी आख्खा मजला अमोनियाने डोळे पुसत असायचा आणि हमखास एक जण नळी हलवून कडं घालवायचा. रसायन तेच, म्हणून उणीवही तीच.

आणि डॉक्टर, ज्या मुलांत जन्मतःच यातलं एखादं एन्झाइम नसतं त्यांचंही सांगा.

रात्रपाळी
एखाद-दोनच पाहिलीत. सीपीटी-१ किंवा एचएमजीसीएस-२ नसलेलं बाळ एरवी हसतं-खेळतं. तापाने रात्रभर दूध प्यायलं नाही की साखर कोसळते, बाळ ग्लानीत जातं, आणि लघवीत कीटोन जवळजवळ नसतात. अशा वेळी कोरी पट्टी हीच वाईट बातमी असते. या मुलांना फार वेळ उपाशी ठेवायचंच नाही.

गोठा नंबर ४
माणसांच्या धाग्यावर गाय आणतो, माफी असावी. अकोले तालुक्यात आमच्या बारा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई आहेत. चांगली लठ्ठ गाय व्याली की तिसऱ्या आठवड्यात पेंड सोडते, कडबा तेवढा चघळते, दूध बावीसवरून बारावर. आमचे डॉक्टर गोठ्यात शिरताच तोंडाचा वास घेतात आणि म्हणतात किटोसिस. शिरेतून ग्लुकोज आणि पाजायला गोडसर औषध. हे तेच का? गाय तर दिवसभर चरते, उपाशी कुठाय? मी आधी गूळ पाजून बघितला, गुण आला नाही.

बदलीवरचा पशुवैद्य
तेच. दार तेच, दारवान तोच.

बावीस लिटर दुधात किलोभर लॅक्टोज जातं, ते सगळं गाईने ग्लुकोजपासून बनवायचं. आणि चाऱ्यातून गाईला थेट ग्लुकोज जवळजवळ मिळतच नाही. कोटीपोटातले, म्हणजे तिच्या पहिल्या मोठ्या पोटातले, जंतू सगळं आंबवून टाकतात, त्यातल्या प्रोपिऑनिक आम्लापासून तिचं यकृत ग्लुकोज बनवतं. व्याल्यावर दूध झपाट्याने वाढतं, भूक मागे राहते. इन्शुलिन उतरतं, अंगावरची चरबी धावत यकृताकडे येते. लठ्ठ गाईत जास्त, म्हणून भाकड काळात खुराक आवरा. गूळ कोटीपोटातच आंबतो, ग्लुकोज म्हणून रक्तात पोचत नाही. तुमच्या डॉक्टरांचं गोडसर औषध बहुधा प्रॉपिलीन ग्लायकॉल, त्यातलं बरंच न आंबता यकृतापर्यंत जातं आणि तिथे त्याचं ग्लुकोज होतं.

गोठा नंबर ४
म्हणजे एवढी वर्षं गूळ जंतूंना चारला. बरं. व्यालेल्या गाईंची लघवी त्या पट्टीने तपासता येईल का? दूध उतरायच्या आधी कळलं तर निम्मा खर्च वाचतो.

बदलीवरचा पशुवैद्य
येईल. व्याल्यापासून पहिले तीन-चार आठवडे, आठवड्यातून दोनदा. बाटलीचं झाकण घट्ट ठेवा, गोठ्यातल्या दमटपणाने पट्ट्या खराब होतात.

निशिगंध
तीन आठवड्यांनी येतेय, दिवाळीच्या गडबडीत राहून गेलं. रात्रपाळी डॉक्टर, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. भावाने दुसऱ्याच दिवशी फोन केला. डॉक्टरांनी आधी झापलं, मग रक्तातले कीटोन आणि आम्लता तपासली. आम्लता ठीक निघाली. ती गोळी बदलली, आणि आहार आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यायला सांगितलं. आता दोन फुलके आणि वरण खातो.

मीही एक प्रयोग केला. मध्ये एका एकादशीला निव्वळ पाण्यावर राहिले. आदल्या रात्री आठला जेवले होते, दुसऱ्या दिवशी रात्री अकराला बघितलं तर पट्टीवर अगदी पुसट गुलाबी छटा. घरात सगळ्यांना दाखवून आले. मग द्वादशीला सकाळी सहालाच पारणं सोडलं, खोटं कशाला बोलू.

भाऊबीजेला भाऊ आला, ओवाळणीच्या पाकिटाबरोबर ती पट्ट्यांची बाटलीही ठेवून गेला. म्हणाला, आता मला नको. पाऊणशेच्या वर पट्ट्या आहेत, मुदत पुढच्या वर्षीची. गोठा नंबर ४, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कुरियर करते.